नटबोल्टचा हत्ती

जांभुळडोहात घाण होती, पण कचरा नव्हता. आंजीहून आत सहा किलोमीटरवरच्या या गावात वस्तू मोडते, तडकते, गंजते, प्रसंगी तिचा मालकही वर जातो. पण ती वस्तू टाकून द्यायची वेळ काही येत नाही. कोणीतरी तिच्याकडे बघतं आणि म्हणतं, "राहू दे, लागते." कधी लागते, कशाला लागते, हे विचारायची तिथे पद्धत नाही.

त्यामुळे तालुक्याहून ‘टाकाऊतून टिकाऊ गाव’ स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा ग्रामसेवक प्रभाकरराव चांगलेच अडचणीत आले. गावातल्या टाकाऊ वस्तूंचं शिल्प चौकात उभं करायचं होतं. तालुक्याच्या मॅडम येऊन ते पाहणार आणि गुण देणार होत्या. प्रभाकररावांनी भोंग्यावरून तीन दिवस पुकारा केला. तीन दिवसांत एक वस्तू जमा झाली, मोतीलाल शेठच्या दुकानातली तडकलेली बरणी. ती दुपारी शेठ स्वतः येऊन घेऊन गेले, कारण झाकण चांगलं होतं.

मग प्रभाकररावांनी नागपूरहून फायबरचा एक पेंग्विन मागवला. माणसाएवढा उंच, चोच उघडी, चोचीत कचरा टाकायचा. वर्धेच्या एप्रिलमध्ये तो प्लास्टिकच्या पिशवीसकट ग्रामपंचायतीच्या खोलीत उभा राहिला आणि येणारे-जाणारे त्याच्या डोक्यावर आपला दुपट्टा वाळत घालू लागले.

"हा टाकाऊ वस्तूंचा आहे का?" सरपंच उज्वलाताईंनी विचारलं.

"टाकाऊ वस्तूंसाठी आहे," प्रभाकरराव म्हणाले. "एकच झालं."

त्याच वेळी खुशाल नागोसे दारात उभा होता. तो आला होता उताऱ्यासाठी, पण पेंग्विन पाहून उतारा विसरला.

खुशाल म्हणजे न्यू गुलमोहर ब्रास बँडचा मास्तर. ‘न्यू’ का, तर जुना गुलमोहर बँड कधीच नव्हता, पण ‘न्यू’ लावलं की जरा वजन येतं. तीस वर्षं त्याने पंचक्रोशीतली लग्नं वाजवली. मग डीजे आला. बँडमधली पोरं कोणी सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डबॉय झाली, कोणी शेतीला लागली. बाजे मात्र सगळे खुशालच्या गोठ्यात येऊन पडले. खुशाल वांगी आणि मेथी लावू लागला. वर्धेच्या बाजारात तो मेथीची जुडी पुढे करायचा तीही अशी, की गिऱ्हाइकाला वाटावं आता ही वाजणार आहे.

या माणसाची एकच इच्छा राहिली होती. त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं. शाळेच्या हजेरीपटानंतर ते फक्त सातबाऱ्यावर होतं, आणि तिथेही चार भावांच्या मध्ये दाबलेलं. गावाच्या स्वागत कमानीवर बावीस नावं होती. त्यातले दोघं वारले होते, एक जण सुरतेला पळून गेला होता. खुशाल नव्हता.

"ताई," खुशाल म्हणाला, "मी करून देतो ना शिल्प. हत्ती."

"कशाचा?"

"बँडचा."

प्रभाकररावांनी पेंग्विनकडे असं पाहिलं, जसं वधूपिता दुसऱ्या स्थळाची चौकशी ऐकून आपल्या मुलीकडे पाहतो. "अहो, पेंग्विन आला आहे. त्याची पाटीही तयार आहे. संकल्पना, प्रभाकरराव..."

"पेंग्विन आपल्या गावात कोनं पाह्यला, साहेब?"

"हत्ती तरी कोणी पाह्यला?"

"सर्कशीत पाह्यला. हिंगनघाटले."

उज्वलाताई तशा निर्णय घेणाऱ्या बाई. गावाचा चौथरा नऊ वर्षांपासून रिकामा होता. त्यावर पुतळा कोणाचा बसवायचा यावर एकमत झालं नव्हतं, आणि हत्तीच्या जातीवरून भांडण होण्याची शक्यता कमी होती. त्या म्हणाल्या, "मॅडम बुधवारी अकरा वाजता येऊन राह्यल्या. तवा चौथऱ्यावर अख्खा हत्ती उभा असला तं हत्ती. नसला तं पेंग्विन."

"अन् पाटी?"

"हत्ती असला तं तुह्या नावाची."

"आडनावासंगट?"

"आडनावासंगट."

खुशाल घरी गेला तो चालत गेला नाही, लेफ्ट-राइट करत गेला.

*

रंभाला, म्हणजे खुशालच्या बायकोला, हत्तीशी देणंघेणं नव्हतं. गोठा रिकामा होणार, तिथे वांग्यांचे क्रेट ठेवता येणार, एवढंच तिला कळलं. तिने स्वतः बाजे अंगणात आणून टाकले. त्यात एक क्लॅरिनेट होती, दोन कर्णे होते, मोठा ढोल होता, आणि गळ्यात अडकवायचा तो भला मोठा पितळी भोंगा होता. तीस वर्षं तोच खुशालच्या गळ्यात होता.

"हा भोंगा सोंड," खुशाल म्हणाला.

"अन् ढोल पोट," रंभा म्हणाली. "पन पाय? कान?"

कानांसाठी तो मोतीलाल शेठकडे गेला. शेठच्या गच्चीवर टीव्हीच्या दोन जुन्या डिश पडल्या होत्या. पण ‘टाकाऊ आहे, द्या’ असं म्हणून गावात काही मिळत नाही हे खुशालला ठाऊक होतं. तो म्हणाला, "शेठजी, हत्तीले लागतात."

शेठच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "लागतात? मंग ले जा ना भाई. लागतात म्हनून तं ठेवल्या."

हे कळल्यावर गाव मोकळं झालं. हत्तीला लागतं म्हटल्यावर कोणीच मागे हटेना. महिला भजनी मंडळाच्या सुमित्राबाईंनी दोन ढोलक्या दिल्या, त्यांचे पुढचे पाय झाले. मागचे पाय मोटारपंपाच्या पाइपाचे. मंडळाची एक पेटी होती, तिचा भाता उंदरांनी खाल्ला होता. तिच्या पांढऱ्या पट्ट्या हत्तीची नखं म्हणून शोभल्या. कर्णे सुळे झाले, सायकलच्या दोन घंट्या डोळे झाल्या. क्लॅरिनेटची शेपटी, आणि तिच्या टोकाला रंगाऱ्याचा जुना कुंचला.

प्रभाकरराव अधूनमधून येऊन उणीव शोधायचे. तिसऱ्या दिवशी ते आंजीच्या वेल्डिंगवाल्या सचिनला घेऊनच आले. "वेल्डिंग करून टाका सगळं. पक्कं काम होईल."

खुशालने सोंडेला हात लावला. "वेल्डिंग नको, साहेब. नटबोल्ट लावतो."

"काऊन?" प्रभाकररावांचीही वर्धा कधीकधी बाहेर यायची.

"उद्या लागलं तं?"

सचिन चहा पिऊन परत गेला. खुशालने सगळा हत्ती दहा-अकराच्या पान्याने आवळला. एकूण सतरा नट होते. रविवारी संध्याकाळी हत्ती चौथऱ्यावर चढला. वारा आला की सोंडेतून हलकासा ‘भों’ निघायचा आणि समोरच्या हॉटेलातलं कुत्रं उठून जागा बदलायचं. आख्खं गाव पाहून गेलं. सगळ्यांना हत्ती आवडला, कारण प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी दिसत होतं.

तिथेच खरी अडचण होती.

*

सोमवारी सकाळी सुमित्राबाई आल्या. त्यांनी हत्तीला नमस्कार केला, खुशालची विचारपूस केली, रंभाच्या गुडघ्याची चौकशी केली. एवढी चौकशी झाल्यावर खुशालला कळलं की पाय जाणार.

"भाऊ, मोतीलाल शेठच्या आचलची हळद आहे ना आज. बायाईले ढोलकी लागते. दे बरं जराशी. उद्या आनून देतो."

"बाई, पाय आहे तो हत्तीचा."

"दोन आहेत ना. एकच दे. घोडा नाई का एक पाय वर करून उभा राह्यत?"

नाही म्हणायची सोय नव्हती. मागणाऱ्याला नाही म्हटलं तर उद्या आपण मागायला कुठल्या तोंडाने जाणार? शिवाय सुमित्राबाईंच्या घरची शिडी गेल्या दिवाळीपासून खुशालकडेच होती. त्याने पाना काढला.

हत्तीने एक पाय वर केला. प्रभाकरराव येऊन म्हणाले, "हे बरं दिसतं. डौल आला." मग त्यांना आपण कोणाच्या बाजूचे आहोत ते आठवलं आणि ते पेंग्विनकडे निघून गेले.

दुपारी शेठचा माणूस आला. लग्नाचे पाहुणे उतरले होते, त्यांना मॅच पाहायची होती आणि नवीन डिशवर माकड बसल्यापासून चित्र येत नव्हतं. डावा कान गेला. चार वाजता गोपाल आला. गोपाल एके काळी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आता त्याचं मुगाचं शेत होतं आणि शेतात रानडुकरं होती.

"मास्तर, एक कर्णा दे ना गा. फटाक्याले तं भेतच नाईत साले आता. पाहून हासतात."

"तुले कर्णा कुठं वाजवता येते? तू क्लॅरिनेटवाला."

"म्हनूनच तं. मी वाजवला का डुक्कर पयते."

सुळा गेला. एका सुळ्याचा हत्ती पाहून कोणीतरी त्याला जास्वंदीचं फूल वाहिलं. त्याखाली आणखी कोणी सुपारी ठेवली. खुशालने सुपारी खाऊन टाकली. हे प्रकरण त्या दिशेने गेलं असतं तर पाटीवर शिल्पकाराऐवजी पुजाऱ्याचं नाव आलं असतं.

सोमवार संपेपर्यंत चौथऱ्यावर जे उरलं त्याला हत्ती म्हणायला मोठं मन लागलं असतं. एक लहानसा पाहुणा आपल्या आईला विचारत होता, "हे बगळा हाय का वं?"

"तू देतेच काऊन पन?" रंभा कडाडली. "तोंड नाई तुले? नाई म्हन ना."

"तुनं बी तं नेलं काल."

"मी घंटी नेली. शेंगोळे करताना झाकनाले मूठ नोती. अन् आनून नाई दिली का?"

"कुठं दिली?"

रंभाने आठवून पाहिलं. मग घरात जाऊन झाकणाची मूठ काढून आणली, आणि हत्तीचा उजवा डोळा परत आला.

मंगळवारचा आख्खा दिवस खुशाल दारोदार फिरला. लग्नात मान घेणाऱ्या बँडमास्तराला एकेका दारी उभं राहून ‘हत्तीचा कान द्या हो’ म्हणावं लागलं. पण त्याने एकही तुकडा सोडला नाही. शेठच्या पाहुण्यांचं शेवटचं षटक चालू असताना त्याने डिश उतरवली. त्या पाहुण्यांनी त्याच्याबद्दल काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रानडुकरांच्या शेतातून सुळा आला, हळदीतून पाय आला. पायाला हळद लागली होती, ती त्याने तशीच ठेवली.

मोतीलाल शेठच्या दारातून निघताना मात्र तो जरा थांबला. अंगणात मांडव होता, आचलचं लग्न उद्या अकरा चाळीसचं होतं, आणि खुशालला कोणी विचारलं नव्हतं.

"शेठजी, वाजवाले कोन?"

"डीजे सांगतला ना रे भाई, हिंगनघाटहून. जवाईबापूची आवड." शेठ दुसरीकडे बघत म्हणाले. "आजकाल बँड कोन लावते?"

"हव ना," खुशाल म्हणाला. "कोन लावते."

*

बुधवारी सकाळी दहा वाजता हत्ती पूर्ण होता. चारी पाय, दोन्ही कान, दोन्ही सुळे. खुशाल इस्त्रीचा शर्ट घालून चौथऱ्याशी उभा होता, हातात पाना. पाटी उज्वलाताईंनी करून आणली होती. ती कागदात गुंडाळून हत्तीच्या पोटाखाली ठेवली होती आणि खुशालने तिचा कागद आतापर्यंत चार वेळा उघडून नाव तपासलं होतं. प्रभाकरराव पेंग्विनला हातगाडीवर घालून, हॉटेलच्या सावलीत तयार होते.

साडेदहाला मोतीलाल शेठ धावत आले. डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू, अंगाला घाम. शेठना धावताना गावाने याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, तेव्हा मागे सांड होता.

"खुशाल! डीजे अटकला!"

"कुठं?"

"कमानीत!"

त्याचं असं झालं होतं. स्वागत कमान बांधली तेव्हा भरपूर उंच होती. पण निवडणूक झाली की नवी नावं यायची आणि जुनी काढायची कोणाची हिंमत नसायची, म्हणून नवी पाटी जुनीच्या खाली लटकवायची. अशा पाच पाट्या झाल्या होत्या. लोकशाही जसजशी रुजत गेली तसतशी कमान खाली येत गेली. डीजेची गाडी आत घुसली आणि तिचे भोंगे सुरतेला पळालेल्या माजी उपसरपंचाच्या नावात अडकले. पुढे जाईना, मागे येईना; वायरी तुटल्या. तिच्यामागे नवरदेवाकडच्या अकरा गाड्या होत्या.

"वरात पायी निघाली," शेठ म्हणाले. "आवाज नाई. काईच नाई. नवरदेव घोड्यावर बसून येऊन राह्यला अन् नुसता घोड्याच्या टापांचा आवाज. लोक घराघरातून बाहेर येऊन टोप्या काढून राह्यले रे!"

"कायले?"

"त्याईले वाटलं कोनी गेलं!"

प्रभाकरराव पुढे झाले. "शेठ, हत्तीला हात लावायचा नाही. मॅडम अकराला पोचतात." आयुष्यात पहिल्यांदाच ते हत्तीच्या बाजूने बोलत होते. पण त्यांचा एक हात हातगाडीवर होता हे खुशालने पाहिलं.

"मी नाई मागत हत्ती," शेठ म्हणाले. "कोन्या तोंडानं मागू? कालच तुले बोललो. मी फक्त सांगाले आलो."

खुशालने कान टवकारले. कमानीकडून खरंच काही ऐकू येत नव्हतं. दोनशे माणसं चालत होती आणि आवाज नव्हता. तीस वर्षांत त्याने वरात उशिरा आलेली पाहिली होती, दारू पिऊन पडलेली पाहिली होती, एकदा तर चुकीच्या गावात शिरलेली पाहिली होती. मुकी वरात त्याने पाहिली नव्हती. त्याच्या छातीत, भोंगा जिथे टेकायचा तिथेच, काहीतरी दुखू लागलं.

त्याने पाटीकडे पाहिलं. पाटी कागदात होती.

"गोपाल!" तो ओरडला. "शेपटी काढ! ढोलवाला श्रावण कुठं हाय? पोट काढा म्हना!"

हत्ती सुटायला नऊ मिनिटं लागली. गावाला सराव होता.

*

प्रभाकरराव रिकाम्या चौथऱ्याकडे पाहत क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी पेंग्विनची पिशवी फाडली.

तिकडे तालुक्याच्या मॅडमची जीप डीजेच्या मागे, अकरा गाड्यांच्याही मागे उभी होती. मॅडमना आणखी दोन गावं करायची होती. त्या फाइल घेऊन उतरल्या आणि पायी निघाल्या. पायी निघाल्या म्हणजे वरातीतच निघाल्या, कारण रस्ता एकच होता. वेशीवर सुमित्राबाईंनी त्यांना नवरदेवाची मावशी समजून कुंकू लावलं, हार घातला आणि सरबताचा ग्लास हातात दिला.

"अहो, मी पाहणीला आले आहे," मॅडम म्हणाल्या.

"पाह्यनीचं झालं ना आता, मावशी. पोरगी पसंत आहे. घ्या, घ्या."

तेवढ्यात न्यू गुलमोहर ब्रास बँड वळणावरून आला. अकरातले सहाच जण उरले होते आणि त्यातल्या श्रावणला ढोल पोटावर पेलत नव्हता, पण पहिला ‘धम्म’ पडला तसा घोडा दचकला, नवरदेव हसला आणि दोनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. गोपालच्या क्लॅरिनेटला कुंचला तसाच लटकत होता; तो जोरात फुंकायचा तेव्हा मागच्या माणसाच्या तोंडावरून फिरायचा. खुशालने गळ्यात भोंगा अडकवला होता, डोळे मिटले होते. आपलं चौथऱ्यावर काही काम होतं हे तो पार विसरला होता.

ते त्याला चौकात आल्यावर आठवलं. चौथऱ्यावर पेंग्विन उभा होता.

"शिल्प कुठे आहे?" गळ्यात हार, हातात फाइल अशा मॅडमनी विचारलं. बँड थांबला. मॅडम कोण आहेत ते आता सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सुमित्राबाईंनी त्यांच्या हातातला रिकामा ग्लास हळूच काढून घेतला.

"हेच, मॅडम," प्रभाकरराव म्हणाले.

मॅडमनी पेंग्विनभोवती एक फेरी मारली. "अर्जात तर हत्ती लिहिलं आहे."

"हो. म्हणजे... त्याच कुळातला."

"आणि हा गावातल्या कुठल्या टाकाऊ वस्तूंपासून केला?"

उत्तर रंभाने दिलं. "हे बाहेरचं हाय, मॅडम. आमच्या गावात एवढं मोठं काई कोनी फेकत नाई."

"मग हत्ती कुठे आहे?"

"लग्नात आला," रंभा म्हणाली आणि नवऱ्याच्या गळ्यातल्या सोंडेकडे बोट दाखवलं.

मॅडमनी सोंडेकडे पाहिलं. मग हळद लागलेल्या ढोलकीकडे, मग गोपालच्या शेपटीकडे. शेठने घड्याळाकडे पाहिलं. मुहूर्ताला वीस मिनिटं होती.

"मला अकरा मिनिटं देता येतील," मॅडम म्हणाल्या.

हत्ती सुटायला नऊ मिनिटं लागतात. जोडायला अडीच तास. खुशालला हे माहीत होतं. तो म्हणाला, "राहू द्या, मॅडम. पेंग्विनच लिहा." आणि भोंगा सावरून मांडवाकडे वळला.

"थांब गा!" उज्वलाताई होत्या. त्यांनी पेंग्विनची मान धरली आणि त्याला चौथऱ्यावरून खाली ओढला. "चढा वर सारे! आपापल्या जागेवर उभे राहा. तू सोंड ना? पुढं हो. श्रावण, तू पोट, मधात."

आधी कोणाला कळेना. मग कळलं आणि भांडण सुरू झालं.

"मी पाय नाई होत," सुमित्राबाई ढोलकी घेऊन म्हणाल्या. "मले तोंडाकडं ठेव."

"ढोलकी पायातच होती, बाई."

"ढोलकी होती. मी नोती."

"अन् मी शेपटी?" गोपाल खवळला. "सासरचे लोक आले माहे या वरातीत. शेपटीले फोटोत कोन पाह्यते?"

"तू नुसता शेवटी उभा राह्य, शेपटी तं तुह्या तोंडातच आहे."

शेवटी नवरदेवाचे दोन काका फेट्यासकट कान झाले. त्यांच्या हातात डिश दिल्या आणि ‘हालवत राहा’ असं सांगितलं. मोटारपंपाचे पाइप घेऊन मागचे पाय म्हणून कोणी राहीना, तेव्हा स्वतः मोतीलाल शेठ, जरीच्या फेट्यात, एक पाइप घेऊन उभे राहिले. दुसरा पाय कमी पडला. सगळ्या गावाची नजर प्रभाकररावांकडे गेली. सरकारी नोकरीत बदली कुठेही होऊ शकते हे प्रभाकररावांना माहीत होतं. त्यांनी पाइप घेतला.

"वाजवा!" उज्वलाताई म्हणाल्या.

हत्ती वाजू लागला. कान हलले, पोट दणाणलं, सोंड वर गेली आणि तिच्यातून जो आवाज निघाला त्याने हॉटेलातलं कुत्रं गावच सोडून गेलं. मॅडमनी फोन काढून ठिकाणाच्या शिक्क्यासकट फोटो घेतला. मग त्या कागद काढून उभ्या राहिल्या. कागदावर ‘शिल्पाची उंची’ होती, ‘शिल्पाचे वजन’ होतं. वजनापाशी त्या अडखळल्या. शेठकडे पाहून त्यांनी तो रकाना मोकळा सोडला. सगळ्यात खाली ‘शेरा’ होता. तिथे त्यांनी थोडा विचार करून लिहिलं, ‘शिल्प वापरात आहे.’

लग्न मुहूर्तावर लागलं. मॅडम अक्षता टाकूनच पुढच्या गावाला गेल्या.

*

महिन्याभराने पत्र आलं. गावाला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं होतं. सोबत सूचना होती: शिल्प चौथऱ्यावर कायमस्वरूपी पक्के करण्यात यावे व शिल्पकाराच्या नावाची पाटी लावण्यात यावी.

प्रभाकररावांनी यावेळी वाट पाहिली नाही. हत्ती जोडून होताच ते सचिनला मशीनसकट घेऊन आले. चौथऱ्याभोवती गाव जमलं होतं. मुलीला गाडीत बसवताना उभे राहतात तसे सगळे उभे होते. श्रावण सारखा ढोलाकडे पाहत होता. आचलच्या लग्नानंतर वडनेरहून एक जण बँड ठरवायला येऊन गेला होता, आणि आंजीहून दोघं.

सचिनने काळा चष्मा चढवला. "कुठून सुरू करू, मास्तर? सोंडेपासून?"

खुशालने कागद सोडून पाटी बाहेर काढली. ‘शिल्पकार : खुशाल नागोसे’. अक्षरं पिवळी होती, आडनाव पूर्ण होतं. त्याने ती चौथऱ्याच्या कडेला, लोखंडी अँगलवर धरली.

"हे मार," तो म्हणाला. "चारी कोपऱ्यात. मजबूत मार, कोनाले काढता नाई आली पाह्यजे."

ठिणग्या उडाल्या. पाटी बसली. खुशालने ती हलवून पाहिली, मग सर्व बळ लावून हलवून पाहिली. हलली नाही.

"आता हत्ती," प्रभाकरराव म्हणाले.

"हत्ती झाला ना, साहेब."

"अहो, पत्रात ‘कायमस्वरूपी’ लिहिलं आहे!"

"कायमच आहे तो. जाते कुठं? कामापुरता जाते अन् घरी येते." खुशालने खिशातून पाना काढला आणि श्रावणकडे वळला. "वडनेरचं लग्न परवा आहे ना? चल, पोट सोड."

तीन दिवसांनी आंजीच्या शाळेचे दोन मास्तर मोटारसायकलवरून हत्ती पाहायला आले. चौथऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी पाटी वाचली, चौथऱ्याला फेरी मारली, पुन्हा पाटी वाचली. समोर क्रेटमध्ये वांगी भरत बसलेल्या रंभाने त्यांना हाक मारली.

"हत्ती वडनेरले गेला, भाऊ. वापस येऊन राह्यला दुपारच्या गाडीनं. बसा तवर, च्या ठेवतो."